वसईची खाडी : बारभाईंची शेती

वसईच्या खाडीत होडी घालणाऱ्या माणसाचे मागणे मोठे नाही. होडी तरंगेल इतके पाणी असावे, उतारूंस पाय ठेवावयास धड पायरी असावी, अंधारात वाट दाखवील असा दिवा असावा. आणि यांपैकी एखादी गोष्ट बिघडली तर ती कोणत्या कचेरीत जाऊन सांगावी हे ठाऊक असावे. पहिल्या तीन गोष्टी कोठे आहेत, कोठे नाहीत. चौथी मात्र कल्याणापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत कोठेच नाही. कर भरावयाचा, परवाना काढावयाचा, दंड द्यावयाचा, त्या वेळी नाखव्यास धनी पुष्कळ सापडतात. तक्रार सांगावयाची वेळ आली म्हणजे खाडी एकदम बेवारशी होते.

हे वाचून आमचे शेतकरी बंधू म्हणतील, हे कोळ्या-आगऱ्यांचे रडगाणे. आमच्या वाडीशी त्याचा संबंध काय? सांडोरच्या केळीच्या वाडीत उभे राहिले तर खाडी दिसत नाही, हे खरे. पण २०१८ सालच्या जुलैत वसईत जे पाणी भरले ते इतक्यात कोणी विसरले नसेल. आगगाड्या बंद पडल्या, वीज गेली, पूर्वेकडील मिठागरांत शेकडो माणसे अडकून पडली. मागाहून महापालिकेने नीरी व आयआयटी येथील तज्ज्ञांची एक समिती नेमली आणि तिला नाव दिले सत्यशोधन समिती. नाव ऐकून आम्हांस बरे वाटले. निदान नावापुरते तरी जोतीरावांचे ऋण सरकारदरबारी मान्य झाले! असो. वसईच्या पावसाचे पाणी नाल्या-ओढ्यांनी खाडीत जाते. खाडी भरतीने फुगलेली असली आणि नाल्यांची तोंडे गाळाने व भरावाने अडलेली असली म्हणजे ते पाणी जावयाचे थांबते आणि वाडीत, माजघरात उभे राहते. ओहोटीला ज्या गाळावर नाखव्याची होडी बसते, त्याच गाळाने शेतकऱ्याचे भात कुजते. म्हणून हा प्रश्न एका जातीचा किंवा एका धंद्याचा नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता ही खाडी म्हणजे काय ते पाहू. राजमाचीच्या डोंगरात उल्हास नदी उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर अशी येऊन कल्याणाजवळ काळू, भातसा यांचे पाणी पोटात घेते. ठाण्यावरून पश्चिमेस वळून घोडबंदराखालून जाते आणि एका अंगास वसईचा किल्ला, दुसऱ्या अंगास भाईंदर-डोंगरी यांच्या मधून समुद्रास मिळते. हिचे खालचे अंग तीच वसईची खाडी. वर गोडे पाणी, खाली खारे. वर नदी, खाली समुद्र. आणि मध्ये दिवसातून दोनदा वर चढणारी व दोनदा खाली उतरणारी भरती. या पाण्यावर कल्याण हे बंदर प्राचीन काळी नांदले. मीठ, गवत, लाकूड, दगड, कौले, भाजी असा सगळा माल मचव्यांतून व पडावांतून फिरत असे. १८६४ साली रेल्वे पूल ओलांडून मुंबईस पोहोचली आणि मालाने आपली वाट बदलली. होडी गरिबाची उरली. जी गोष्ट गरिबाची उरते तिच्याकडे सरकार कसे पाहते हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

पाणी दुर्लक्षिले म्हणजे काय होते याचा दाखला पाहण्यास लांब जाण्याचे कारण नाही. सोपारा हे एके काळचे नामांकित बंदर. तेथे अशोकाच्या आज्ञेचे शिलालेख सापडले, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उकरून काढला. या बंदरास ज्या खाडीने गलबते येत, ती गाळाने भरून गेली. आता तिच्यातून शहराचे सांडपाणी वाहते. सोपाऱ्याची खाडी कोणी एका दिवसात मारली नाही. ती थोडी थोडी मेली, आणि मरत असता प्रत्येकाने म्हटले की हे काम माझ्या खात्याचे नाही.

आज मोठ्या खाडीचीही तीच गत चालली आहे. बंदर, धक्का व फेरीची होडी ही महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. ते १९९६ च्या कायद्याने झाले. मासे धरण्याचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे, १९८१ च्या कायद्याप्रमाणे. तळाची रेती महसूल खात्याची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची. काठचे तिवराचे रान वनखात्याचे. मिठागरांवर दिल्लीच्या मीठ आयुक्ताचा हात. खारबांध खारभूमी खात्याचे. पूल कोठे रेल्वेचा, कोठे रस्त्यांच्या महामंडळाचा. पाण्यात कारखान्याचे रसायन आले तर प्रदूषण मंडळ, मैला आला तर महापालिका. वर धरण बांधून पाणी अडविणारे आणखी निराळे. आणि २०१६ साली दिल्लीच्या पार्लमेंटाने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर केले, त्यांत उल्हास नदी, वसईची खाडी व ठाणे-मुंबईचे पाणी मिळून ५३ वा राष्ट्रीय जलमार्ग झाला. म्हणजे आणखी एक धनी! बारभाईंची शेती, काय लागेल हाती, ही म्हण आमच्या आज्यांनी खाडीकडे पाहूनच रचिली असावी असे वाटते.

इतक्याने भागले नाही. खाडीच्या मधोमध सरकारने रेघ ओढली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हापासून वसईचा काठ पालघरात आणि भाईंदरचा काठ ठाण्यात. इकडे वसई-विरार महापालिका, तिकडे मीरा-भाईंदर महापालिका. एकाच होडीचा नाखवा सकाळी एका जिल्ह्यातून निघतो आणि पाव तासाने दुसऱ्या जिल्ह्यात उतरतो. मध्ये गाळ लागला तर तो कोणत्या कलेक्टराचा, हे होडीस कसे समजावे? गंमत अशी की २०२० साली दोन्ही काठांचे पोलीस मात्र एका आयुक्ताच्या हाताखाली आणले गेले. दंडुक्याला खाडी आड येत नाही. गाळ काढावयाचा म्हटले की ती आड येते.

आणि विचारावे तर कोणास? पूर्वी गावची पंचायत होती. तिचा सरपंच चांगला असो की वाईट, तो रस्त्यात भेटत असे. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली व पंचायती तीत बुडाल्या. महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही, साराच कारभार प्रशासकाकडे. इतका काळ वसईतल्या कोळ्यास वा माळ्यास ज्याचा कान धरता येईल असा एकही निवडलेला नगरसेवक नव्हता.

आमच्या मते रोगाचे मूळ येथे आहे, आणि ते जुने आहे. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींचा कायदा झाला. नदी-खाडीवरील सार्वजनिक तरी सरकारच्या ताब्यात आल्या व उतारूंवर कर बसला. मक्ता घेणारा बहुधा पैसेवाला, वल्हे मारणारा कोळी किंवा भोई. १९१७ साली नद्यांवरील आगबोटींसाठी कायदा झाला. तोच पुढे नाव बदलून, दुरुस्त्या होऊन १०४ वर्षे टिकला. २०२१ साली देशी जलयानांचा नवा कायदा आला. त्यात यंत्रावर चालणाऱ्या जहाजांची नोंद, तपासणी, विमा, अपघाताची चौकशी हे सर्व आहे, आणि ते असावे. वल्ह्याशिडाच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविता येईल अशी तरतूदही आहे. तीही वाईट नाही. परंतु १८६८ पासून २०२१ पर्यंतचे हे सर्व कायदे चाळून पाहिले असता नाखव्यावर काय काय बांधले आहे ते पानोपान सापडते. सरकारवर काय बांधले आहे, म्हणजे अमुक महिन्यात अमुक खोली राखीन, न राखल्यास कर घेणार नाही, असे वचन मात्र आमच्या दृष्टीस पडले नाही.

१८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कालव्याच्या खात्याबद्दल हेच दुखणे मांडले आहे. शेतकऱ्यापासून पाण्याची पट्टी वसूल करावयाची, पण त्याच्या शेतास लागेल तितके पाणी पोहोचले की नाही याची फिकीर खात्यास नाही. जोतीरावांनी तेथे नुसता शिमगा केला नाही. ज्यास जितके पाणी लागते तितके त्यास मिळावे म्हणून तोट्या बसविण्याची योजनाही सुचविली. पट्टी घेतली तर पाणी मापून द्या, असा तो साधा हिशेब. कालव्याच्या शेतकऱ्यास जो न्याय, तोच खाडीच्या नाखव्यास का नसावा? तेव्हा शेटजी, भटजी व लाटजी असे तिघे रयतेच्या मानेवर बसले होते. लाटजी १९४७ साली बोटीत बसून गेले. भटजींची लेखणी आता सर्व जातींच्या पांढरपेशांच्या हाती आली आहे, आमच्याही काही मुलांच्या हाती आली आहे. आणि खेदाची गोष्ट ही की लेखणी हाती आल्यावर आमचा मुलगाही काठावरच्या बापास नियम ऐकवू लागतो.

आता फेरीबोटीची गोष्ट. २० फेब्रुवारी २०२४ पासून वसईचा किल्ला व भाईंदर यांमध्ये मोटारी घेऊन जाणारी मोठी फेरीबोट सुरू झाली. रस्त्याने ३५-४० किलोमीटरांचा घोडबंदरचा वळसा, तो पाण्याने सुमारे साडेतीन किलोमीटरांवर आला. पुढे १९ एप्रिल २०२५ रोजी उत्तरेस वैतरणेच्या मुखावरही विरारच्या मारंबळपाडा व पालघरकडील खारवाडेश्री यांमध्ये तशीच फेरी चालू झाली. आम्ही या फेरीबोटींच्या विरुद्ध नाही. उलट, पाण्याची वाट पाण्याने जावी हे आमच्या वाडवडिलांचे शहाणपण सरकारास उशिरा का होईना पटले, याचा आम्हांस आनंद आहे. दुचाकीवर कामास जाणाऱ्या पोरांचा वेळ वाचतो, आजाऱ्यास पलीकडे नेता येते.

परंतु या बोटींनी एक गोष्ट उघडी पाडली, तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. वर्षानुवर्षे आमच्या नाखव्यांस सांगण्यात आले की खाडीस पाणी नाही, गाळ काढावयास पैसा नाही, धक्का बांधावयास परवानगी मिळत नाही. मोटारीस पलीकडे जावयाचे ठरले तेव्हा धक्का झाला, परवानगी झाली, सर्व झाले. म्हणजे अडचण पाण्यात नव्हती. पाण्यावर कोण चालले आहे यात होती! वसईस फेरी सुरू झाली तेव्हा माणसी ३० रुपये व दुचाकीस चालकासह ६० रुपये असा दर लागला. भाजीची पाटी डोकीवर घेऊन जाणाऱ्या बाईस जाऊन येऊन ६० रुपये पडतात. तिला आगगाडी पुष्कळ स्वस्त, म्हणून ती चेंगरत आगगाडीनेच जाते. दर ठरविताना तिला कोणी विचारिले? मोठ्या बोटीच्या वाटेत डोल जाळ्याचे खुंट येतात. ते कोठे असावेत, बोटीच्या वेळा भरती-ओहोटीच्या कोणत्या घटकेस असाव्यात, हे ठरविताना जाळे लावणारास टेबलापाशी खुर्ची होती काय? यंत्राच्या बोटीने लाट उठते; त्या लाटेत लहान होडी धक्क्यास कशी लागावी, तिला निराळी पायरी कोठे? हे प्रश्न बोटवाल्यास विचारण्यात अर्थ नाही. तो धंदा करतो, त्याने करावा. ज्यांच्या हाती पाणी आहे त्यांस हे विचारावयाचे आहे.

पाणजूची हकीगत तर काळजास लागणारी आहे. नायगाव आणि भाईंदर यांमध्ये खाडीच्या ऐन पोटात हे बेट. दोन्ही अंगांनी रेल्वेचे पूल डोक्यावरून जातात, दिवसाकाठी शेकडो गाड्या धडधडत जातात, पण पाणजूच्या माणसाची वाट पिढ्यान्‌पिढ्या होडीची. बाळंतीण होडीत, मयत होडीत, शाळेचे पोर होडीत. वारा सुटला, ओहोटी फार झाली, होडी नादुरुस्त झाली, म्हणजे माणूस काय करणार? तो रेल्वेच्या पुलाची वाट धरतो. २०२५ सालच्या सप्टेंबरात असाच पुलावरून पायी जाणारा एक गावकरी चालत्या गाडीतून कोणी खाडीत भिरकावलेला नारळ डोक्यास लागून दगावला. नारळ पुण्य मिळावे म्हणून फेकलेला, निर्माल्यातला. फेकणाऱ्यास ठाऊकही नसेल की खाली माणसे राहतात. पण खाली माणसे राहतात हे सरकारास तर ठाऊक आहे ना? त्या मरणास पुलावर चालणे बेकायदा म्हणून नियमाचे बोट दाखविता येईल. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या बेटाला पाण्याखेरीज वाट नाही, तेथे बाराही महिने, भरती असो वा ओहोटी, खात्रीची होडी व खात्रीचा धक्का ठेवणे हे कोणाचे काम? त्या खात्याचे एक नाव सांगा. आम्ही ते पुढच्या अंकी मोठ्या टाइपात छापू.

रेतीचा विषय काढला की पुष्कळांची तोंडे बंद होतात, कारण रेतीने पुष्कळांची घरे बांधली आहेत. दगडमातीची नव्हे, पैशाची. खाडीतून रेती काढण्याची जुनी रीत हातपाटीची. होडी नांगरावयाची, बांबू रोवावयाचा, त्याच्या आधाराने माणसाने बुडी मारून तळाची रेती पाटीत भरून वर द्यावयाची. छातीचा भाता फुटेपर्यंतचे हे काम आगरी, कोळी, कातकरी यांनी केले. पुढे यंत्राचे पंप आले. एका जागी तळ उकरून डोह पडतो आणि शेजारी उकराचा ढीग साचतो. डोहात माणूस बुडतो आणि ढिगावर होडी बसते. पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो म्हणून वैतरणेवर रेल्वेने ओरड केली. २०१० साली मुंबईच्या हायकोर्टाने राज्यभर रेतीउपशास मनाई केली, २०१२ साली सुप्रीम कोर्टाने पर्यावरणाच्या परवानगीशिवाय लिलाव करू नयेत असे ठरविले. कायदा झाला. मग महसुलाच्या धाडी पडू लागल्या. पकडलेल्या होड्या व पंप कापून, जाळून, बुडवून नष्ट केल्याच्या बातम्या येतात. चोरटा उपसा बंद झालाच पाहिजे, यात आमचे दुमत नाही. पण धाडीत सापडतो कोण? पाण्यातला मजूर. होडी कोणाच्या पैशाने आली, रेती कोणत्या इमारतीस गेली, याचा माग काठावर येऊन थांबतो. आणि ज्या खाडीचा तळ खरवडून इतकी वर्षे सरकारने स्वामित्वधन घेतले, त्यातला किती पैसा त्याच खाडीच्या वाटेचा गाळ काढण्यास लागला, हा हिशेब लोकांपुढे मांडण्यास काय हरकत आहे? गाईचे दूध काढणारा तिला पेंढा तरी घालतो.

वरून येणाऱ्या घाणीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते आता पोरासोरांस ठाऊक झाले आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल पालिका आणि सांडपाण्याची केंद्रे यांस कोट्यवधींचा दंड सांगितला. दंडाचा आकडा वर्तमानपत्रांत ठळक आला. खाडीत डोल लावणाऱ्याच्या जाळ्यात मात्र मासळीऐवजी प्लॅस्टिक येते, आणि ते निवडून काढण्यात त्याच्या बायकोचा अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणत्याही दंडात धरलेली नसते.

एक जुनी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. एक शास्त्रीबुवा होडीत बसले आणि नाखव्यास विचारू लागले, व्याकरण येते काय, न्याय येतो काय. नाही म्हणताच म्हणाले, तुझे बारा आणे आयुष्य फुकट गेले. वादळ झाले तेव्हा नाखव्याने विचारले, बुवा, पोहता येते काय? गोष्ट हसण्यासाठी सांगतात. आम्हांस तिच्यात एक निराळीच गोष्ट दिसते. ती होडी नाखव्याची होती, पाणी नाखव्याच्या ओळखीचे होते, तरी प्रश्न विचारण्याचा हक्क बुवांनी आपल्याकडे घेतला आणि वादळ होईपर्यंत तो सोडला नाही! आजच्या बैठकांत याहून निराळे काय चालते? नकाशा पडद्यावर येतो, सल्लागार कंपनीचा माणूस खोलीचे आकडे वाचतो. एकदा मापलेला तळ पुढच्या पावसाळ्यात बदलतो, रेतीचा दांडा उधाणागणिक सरकतो, हे ज्यास वल्ह्याच्या टोकाने रोज कळते तो बाहेर धक्क्यावर उन्हात बसलेला असतो.

हॉलंड देशाचे नाव आमच्या वाचकांनी ऐकले असेल. त्या देशाचा पुष्कळ भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. तेथे तेराव्या शतकापासून पाण्याची निराळी मंडळे आहेत. बांध राखणे, पाणी काढणे, कालवे वाहते ठेवणे हे त्यांचे काम. आजही अशी २१ मंडळे आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, त्यांत शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा आहेत. ज्याचे हित त्याने पैसा द्यावा आणि ज्याने पैसा दिला त्याने बोलावे, असा तेथला जुना दंडक. हे ऐकून साहेब लोक हॉलंडास पाहणीच्या सफरीवर जातील. तेवढ्यासाठी लांब जाण्याची जरुरी नाही. आमच्याच कोकणात, पेणकडच्या खारेपाटात, शिलोत्रीची चाल होती. समुद्राकडचा बांध सर्वांनी मिळून राखावयाचा, उधाणात भगदाड पडले की घरटी माणूस धावावयाचा, उघाडी केव्हा उघडावयाची ते ज्यांची शेते त्यांनी ठरवावयाचे. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला, बांध सरकारी झाले. सरकारचा पैसा आला हे चांगले झाले. पण बांध आपला राहिला नाही, आणि भगदाडाला धावणारा माणूस अर्ज लिहावयास शिकला.

आता दोन शब्द आमच्या लोकांस. सरकारास बोल लावणे सोपे आहे. पण नाल्याच्या तोंडाशी भराव घालून चाळ उठविणारा कोण होता? गावचाच कोणी होता. पंपवाल्यास रात्री काठावर जागा देऊन सकाळी पाकीट घेणारा कोण? तोही परका नव्हता. वसईतला कोळी माळ्यास हसतो, ख्रिस्ती हिंदूस परका समजतो आणि हिंदू ख्रिस्त्यास. नायगावचा नाखवा भाईंदरच्या नाखव्याशी उतारूवरून भांडतो. खात्यांस याहून अधिक काय पाहिजे? आम्ही बारा ठिकाणी आहोत तोवर त्यांनी बारा ठिकाणी असण्यास कोणाची हरकत असणार? होडी बांधणारा सुतार, जाळे विणणारी बाई, मिठागरातला मजूर, वाडीवाला, या सर्वांचा धनी तेच एक पाणी आहे.

आमची मागणी अशी. कल्याणापासून मुखापर्यंत, दोन्ही काठांची मिळून एक खाडी-पंचायत कायद्याने व्हावी. तिच्यात खात्यांचे अधिकारी जरूर बसावेत, पण निम्म्याहून अधिक जागा होडीवाले, मासे धरणारे, खारशेतकरी व मिठागरवाले यांनी आपापल्यांतून निवडलेल्यांच्या असाव्यात, आणि त्यांत बायाही असाव्यात, कारण मासळी व भाजी घेऊन खाडी ओलांडते ती बाईच. खाडीवर बसणारा कर, परवान्याची फी, रेतीचे स्वामित्वधन यांतला ठरलेला वाटा या पंचायतीकडे यावा आणि तिने प्रथम होडीच्या वाटेचा गाळ काढावा. दर पावसाळ्यानंतर खोली मापून प्रत्येक धक्क्यावर मराठीत फळा लावावा. किती वाव पाणी, कोठे दांडा, कोठे खुंट. मोटारींच्या धक्क्याशेजारी लहान होडीची पायरी असलीच पाहिजे. पायी उतारूचा दर आगगाडीच्या तिकिटाकडे पाहून ठरवावा. पाणजूसारख्या बेटाची होडी ही मेहेरबानीची गोष्ट न मानता पाणीपुरवठा व दवाखाना यांच्या पंक्तीस बसवावी. आणि नाखव्याने तक्रार कोणत्याही खात्यात दिली तरी ती योग्य ठिकाणी पोहोचविणे हे त्या खात्याचे काम, नाखव्याचे नव्हे.

यांतले काही उद्या होईल, काहीस कायदा बदलावा लागेल. कायदा होईतोवर निदान बैठक तरी बोलवावी. ठाणे व पालघर या दोन्ही जिल्ह्यांचे कलेक्टर, दोन्ही महापालिकांचे आयुक्त, सागरी मंडळाचे, रेल्वेचे व इतर खात्यांचे साहेब यांनी एका दिवशी एकत्र यावे आणि ती बैठक कचेरीत न भरविता पाणजूस भरवावी. साहेबांनी नायगावच्या काठावरून होडीनेच यावे. फक्त निघण्यापूर्वी कोण्या कोळणीस ओहोटीची वेळ विचारून घ्यावी.